मधल्या जागेतली पुटपुट

तिला घरीदारी सगळे चौकशी म्हणत. नाव मामाने ठेवलेलं. ती पाच-सहा वर्षांची असताना मामा चार दिवस मुक्कामाला आला होता. तिने त्याला इतके प्रश्न विचारले की दुसऱ्याच दिवशी तो बहिणीला म्हणाला, "ताई, ही मुलगी नाही, चौकशीची खिडकी आहे. फरक एवढाच की रांगेत आपण उभं राहायचं आणि प्रश्नही हिनेच विचारायचे." मामा गेला, नाव राहिलं. पुढे हेच नाव एका मोठ्या सभागृहाबाहेर फूटभर अक्षरांत लागेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मामाने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

तिचे प्रश्न खोचक नसत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच झालं. तिला खरोखर जाणून घ्यायचं असे. न्हाव्याला ती विचारी, स्वतःचे केस तुम्ही कुणाकडे कापता? दातांच्या डॉक्टरांना विचारी, तुम्हाला कधी कुणी चावलंय का? डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी बोटावरची खूण दाखवली आणि मागे पेशंट ताटकळत असताना त्या खुणेची अख्खी गोष्ट सांगितली. माणसाजवळ उत्तरं पुष्कळ असतात, विचारणारं कुणी नसतं, एवढंच.

मोठी झाल्यावर ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली. रंग उडालेली छोटी गाडी, टपावर शाळेची पाटी, आणि तिच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, जीव हिच्या मुठीत. तिथल्या मालकांची शिकवायची एक पद्धत होती. शिकणाऱ्याला हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा. 'ब्रेक दाब' म्हटलं की नवखा माणूस बावचळतो आणि भलतंच काहीतरी दाबतो. 'पुढची गाडी काय करतेय?' म्हटलं की तो पुढे बघतो आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तेही मोठ्याने विचारायचं नाही, नाहीतर समोरचा दचकतो. हलक्या आवाजात, एका लयीत, न थांबता. आरसा पाहिलास का? मागे कोण आहे? तो वळणार का? मग तू काय करणार? दिवसभर ती असं पुटपुटत बसे. घरी आल्यावर आई म्हणे, "बाई, आता गाडीतून उतर."

आई एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालायची. वडील वीज कंपनीत मीटर वाचायला जायचे, तेही सगळीकडे पायी. चौकशी दहावीत असताना ते वारले. तेव्हापासून घरातला कर्ता माणूस म्हणजे दादा, तिचा मोठा भाऊ. दादा पार्सलच्या गोदामात कामाला होता. तिथे माल वाहणाऱ्या पट्ट्याचा खडखडाट इतका, की बोलायचं म्हणजे ओरडायचंच. वर्षानुवर्षं तसं ओरडून त्याचा आवाज असा तयार झाला होता की तो नुसता 'मीठ दे' म्हणाला तरी शेजारचे मीठ घेऊन येतील.

या आवाजाचं करायचं काय, हे दादाच्या मित्राला सुचलं. सायकलच्या दुकानामागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर हा मित्र बीट बनवत बसे. सारखी बटणं दाबतो म्हणून त्याचं नाव खटका. खटक्याची बीट, दादाचं रॅप, आणि नाचायला लांबू नावाचा एक खरोखरच लांब माणूस. चौथी चौकशी. ती आली कशी, तर दादाच्या श्वासामुळे. दादाच्या ओळी त्याच्या आवाजासारख्याच दांडग्या असत. ओळ संपायच्या आत श्वास संपे आणि शेवटचे शब्द घशातच विरून जात. खटक्याने तोडगा काढला. प्रत्येक ओळीच्या शेवटचे दोन-तीन शब्द बहिणीने म्हणायचे. लोकांना वाटणार, जोर यावा म्हणून दोघं म्हणतात. खरं म्हणजे तेवढ्या वेळात दादा नुसते ओठ हलवी आणि हवा भरून घेई. याला ते 'शेपटी पकडणं' म्हणत.

चौघं झाले तेव्हा नावही आपोआप मिळालं. खटक्याच्या वडिलांनी दुकानातून ओरडून विचारलं होतं, "झाली का रे गोळा तुमची चांडाळचौकडी?" चांडाळ गाळला, चौकडी ठेवली.

चौकडीचं नाव झालं ते 'मूठ' या गाण्यामुळे. कॉलेजांच्या कार्यक्रमांत, व्यायामशाळांत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते सगळीकडे वाजायला लागलं. दादा काळा शर्ट घालून, मूठ वर करून म्हणायचा:

"शहर माझ्या मुठीत, रस्ता माझ्या बापाचा,
आडवा आला कोणी तर तुकडा करीन सापाचा!"

आणि मागून चौकशी: "बापाचा! सापाचा!"

रॅप म्हटलं की थोडी फुशारकी आलीच. रॅपमध्ये कुणी सातबारा मागत नाही. लोकांना मजा येत होती आणि दादाला पोरं ओळखायला लागली होती. चौकशीला मात्र कुणी ओळखत नसे. कार्यक्रम संपल्यावर लोक दादाबरोबर फोटो काढत आणि फोन हिच्या हातात देत. तिला त्याचं वाईट वाटे का? कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नाही. आणि ते खरंच होतं. दादा पुढे, आपण मागे, ही लहानपणापासूनची सवय.

गाणी रेकॉर्ड होत ती एका चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, म्हणून तिथल्या माणसाला सगळे गादीकाका म्हणत. काचेच्या पलीकडे एका खोलीत दादा, शेजारच्या कपाटाएवढ्या खोलीत चौकशी, दोघांच्या कानांवर हेडफोन. दोघांचे आवाज वेगवेगळे टिपले जात आणि मग काका ते एकत्र करत.

एका शनिवारी दादा गोदामातून यायला उशीर होता. चौकशी आधी पोहोचली. काका एकटेच बसून चहा पीत होते. रिकामा वेळ आणि समोर एक माणूस, म्हणजे प्रश्न आलाच.

"काका, माझा एकटीचा आवाज कसा ऐकू येतो हो?"

"म्हणजे?"

"दादाचा काढून टाकायचा, बीट काढून टाकायची. फक्त मी. कधी ऐकलंच नाही."

काकांनी 'मूठ' लावलं आणि एकेक आवाज बंद करत गेले. खोलीत शांतता झाली. मग एकदम: "बापाचा!" पुन्हा शांतता. "सापाचा!" पुन्हा शांतता. कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने तिच्या पायावर पाय देतंय असं वाटत होतं. चौकशीला हसू फुटलं. काकाही हसले. हसून झाल्यावर मात्र तिला आतून कसंतरीच वाटायला लागलं. एवढ्या वर्षांत आपण एकही अख्खं वाक्य बोललो नाही?

"थांब, खरी गंमत पुढेच आहे," काका म्हणाले. "हे मी साफ केलेलं आहे. मूळ जसं आलं होतं तसं ऐक."

त्यांनी दुसरी फाइल उघडली. आता शेपट्यांच्या मधल्या जागा रिकाम्या नव्हत्या. त्यांत एक हलकी पुटपुट होती, अगदी तालात. काकांनी आवाज वाढवला.

"रस्ता जर बापाचा, मग बाप का चालत जायचा?
साप कुठून आणलास, तो कुणाला चावायचा?"

चौकशी ऐकत राहिली. आवाज तिचाच होता. लय तिचीच होती. गाडीत शिकणाऱ्याच्या कानाशी दिवसभर चालते तीच. कामाचा हात थांबत नाही म्हणतात, तिचं तोंड थांबत नव्हतं. कानांवर हेडफोन चढले, शेजारी कुणीतरी वेगात निघालंय असं वाटलं, की तिचे प्रश्न सुरू. ती दादाला शिकाऊ ड्रायव्हर समजून बसली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"प्रत्येक गाण्यात असतं हे," काका म्हणाले. "मी पुसून टाकतो. मला वाटायचं तू ओळी घोकतेस."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पुढे आहे का अजून?"

पुढे होतं.

"मूठ उघड ना दादा, आत काय लपवलंस?
एवढं घट्ट धरून धरून काय नक्की कमवलंस?"

काकांनी गाणं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं. "हे गाणं आहे, चौकशी," ते म्हणाले. "हे पुसायला नको होतं मी."

तेवढ्यात दादा जिना उतरून आला आणि काकांनी घाईघाईने फाइल बंद केली. चौकशीला चोरी पकडली गेल्यासारखं झालं. खरं तर तिने काही चोरलं नव्हतं.

पण एकदा डोक्यात किडा शिरला की शिरला. काकांकडून तिने जुन्या गाण्यांमधल्या पुसलेल्या जागा एकेक करून ऐकल्या. काही ठिकाणी नुसतीच बडबड होती, एका ठिकाणी तर 'गॅस बंद केला का, दूध झाकलं का' असं चाललं होतं. पण कुठे कुठे चांगल्या ओळी सापडत होत्या. त्या जोडून तिने एक गाणं बांधलं. सगळं प्रश्नांचं. प्रत्येक प्रश्नानंतर थोडी मोकळी जागा ठेवली, कारण विचारलं की थांबायचं असतं, हे तिला गाडीने शिकवलं होतं.

गाणं बांधलं खरं, म्हणता मात्र येईना. काचेपलीकडून काका पुन्हा पुन्हा हात हलवत. "सुरुवात ऐकूच येत नाही. तुझ्या ओळींना शेपट्या आहेत, डोकी कुठायत?" अर्थातच. इतकी वर्षं ओळीची सुरुवात दादाची, हिचा जोर फक्त शेवटी. मोठ्याने सुरुवात करायची वेळ आली की तिच्या घशात आवाज अडून बसे, शेवट आला की बंदुकीसारखा सुटे. मग तिला चढावर गाडी उभी करून शिकणारे लोक आठवले. चढावर सगळ्यांची एकच चूक होते: गाडी मागे घसरेल या भीतीने ते आधी वाट बघतात. ती त्यांना विचारी, 'इंजिनचा आवाज बदलला का?' बदलला की ब्रेक सोडायचा, गाडी पुढेच जाते. ती बीटकडे तसं कान देऊन ऐकायला लागली. पंधरवडाभर रोज दुपारच्या सुट्टीत, उभ्या गाडीत, काचा वर करून ती फक्त ओळींची पहिली दोन अक्षरं म्हणत बसे. येणारे-जाणारे बघून जात. एका शिकायला येणाऱ्या मावशींनी तर मालकांना विचारलं, बाईंना बरं नाही का?

खटक्याने बीट द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. "दादाला आधी ऐकव," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून कळलं तर तो मला आणि माझ्या कॉम्प्युटरला एकाच पोत्यात भरेल."

तिलाही तेच हवं होतं. एका रविवारी सकाळी दादा गॅलरीत बसून गोदामातले बूट पॉलिश करत होता. एक बूट हातात घातलेला, दुसऱ्या हातात ब्रश. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर बसली. दादाने संपूर्ण गाणं ऐकलं. ब्रश मध्येच थांबला तो पुन्हा हलला नाही.

"श्वासाच्या जागा चांगल्या ठेवल्यास," तो शेवटी म्हणाला. तिला बरं वाटलं. एवढ्यावर तो थांबला असता तर किती बरं झालं असतं. "पण ती बाबांची ओळ काढून टाक."

"कुठली? चालत जायचा?"

"तीच."

"का?"

"काढ म्हटलं ना."

"पण का, दादा? कारण सांग, लगेच काढते."

"प्रत्येक गोष्टीचं कारण तुला कशाला लागतं गं?" तो म्हणाला. त्याचा आवाज गोदामातला झाला होता. आत आईच्या हातातलं भांडं थांबलं. "माझी थट्टा कर, काय करायची ती कर. चौकडीत राहायचं नसेल तर नको राहूस. ती ओळ काढ."

चौकशीने प्रयत्न केला नाही असं नाही. ओळ काढली की गाणं एका पायावर उभं राही. दुसरी घातली की खोटी वाटे. आईला विचारलं तर आई टॉवेलची घडी घालत म्हणाली, "तुझे बाबा चालायचे कारण त्यांना चालायचं होतं," आणि दुसरा टॉवेल घेतला. दादाला पुन्हा विचारायला गेली तर तो उठून गेला. तिचाही हट्ट कमी नव्हता. कारण न सांगता काढ म्हणणं म्हणजे काय? लहानपणापासून याची शेपटी धरली, आता ओळसुद्धा यानेच ठरवायची? रागाच्या भरात तिने काकांना सांगितलं, आहे तसं जाऊ दे.

गाणं लोकांपुढे गेलं. त्याच आठवड्यात दादाने गोदामाजवळ एका सहकाऱ्याबरोबर खोली घेतली आणि कपडे घेऊन गेला. जाताना तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आईला म्हणाला, "जवळ पडतं कामाला." आई म्हणाली, "हो, जवळच पडतं," आणि त्याच्या पिशवीत चादर भरून दिली. दार लागल्यावर ती चौकशीला काही बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

गाणं पसरलं ते त्या मोकळ्या जागांमुळे. लोक त्या जागा स्वतःच भरायला लागले. चौकशी विचारी, 'साप कुठून आणलास?' आणि पोरं ओरडत, 'भाड्याने!' 'मूठ उघड ना दादा, आत काय लपवलंस?' 'मोबाइल!' 'बायकोचा फोटो!' 'रिमोट!' प्रत्येक गावाची, प्रत्येक कॉलेजची वेगळी उत्तरं. गाडीत शिकायला येणारे लोक तिला ओळखायला लागले, आणि एका खाटकाने चौकात गाडी बंद पाडून आधी सही मागितली, मग क्लच कुठे आहे ते विचारलं. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तिचा एकटीचा पहिला कार्यक्रम झाला. मग एका वाचनालयाच्या अंगणात, मग कॉलेजांत. दुसरं गाणं तिने त्या मावशींवर केलं, नवरा गेल्यावर त्याची बंद पडून असलेली गाडी चालवायला शिकणाऱ्या. तिसरं त्या खाटकावर, जो सुरी बिनदिक्कत चालवायचा पण वाहनांनी भरलेल्या चौकात डोळे मिटून घ्यायचा. दोन्ही चालली. ज्यांना ती प्रश्न विचारत आली होती त्यांची उत्तरं आता तिच्या गाण्यांत येत होती. लोक तिच्याबरोबर फोटो काढू लागले. ती आधी विचारी, फोन धरायला कुणी आहे का?

चौकडी तिघांची झाली. नाव तेच राहिलं, त्यावर लोकांनी विनोद केले ते केलेच. एकदा चौकशी ओढणी डोक्यावर घेऊन त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन मागे उभी राहिली. दादाने 'मूठ' सुरू केलं. पहिल्या कडव्यात निभावलं. दुसऱ्या कडव्यात ओळीच्या शेवटी त्याचा श्वास सुटला आणि 'बापाचा' हा शब्द अर्धा राहिला. तिचे ओठ हलले, आवाज कुणाला पोहोचायचं कारणच नव्हतं. दादाने गाणं पूर्ण केलं, पण मूठ पूर्वीसारखी वर गेली नाही. गाणं संपायच्या आत ती बाहेर पडली. आपण त्याचं काय केलं, हा एक प्रश्न तिने कुणालाच विचारला नाही.

असं करता करता मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. त्या शहरातलं सगळ्यांत मोठं. चौकडीला तिथे कधी पाय ठेवता आला नव्हता. बाहेरच्या फलकावर एकच नाव: चौकशी. मामा तिथून मुद्दाम दोनदा चालत गेला आणि दोन्ही वेळा लोकांना सांगितलं की नाव मी ठेवलंय.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती आवाजाची चाचणी घ्यायला गेली. रिकामं सभागृह, रांगेने खुर्च्या, एका कोपऱ्यात झाडूवाली बाई कचरा ओढतेय. आवाजाच्या टेबलाशी गादीकाका, मंचावर खटका. तिघांची चौकडी आता फारशी कुठे जात नव्हती, त्यामुळे खटका हिच्या बीटही वाजवू लागला होता. दार ढकलून कुणीतरी आत आलं आणि मधल्या रांगेत बसलं. दिव्यांमुळे मंचावरून तोंड दिसत नव्हतं. पण खुर्चीत बसताना त्याने बूट आधी पुढे टाकले, आणि चौकशीने ओळखलं.

"चालू कर," तिने खटक्याला सांगितलं. थांबली असती तर तिला सुरू करता आलं नसतं.

"रस्ता जर बापाचा, मग बाप का चालत जायचा?"

मोकळी जागा आली. रोज या जागेत शेकडो आवाज घुसत. आता फक्त बीट चालू होती.

"बाबांना गाडीची भीती वाटायची," दादा म्हणाला.

त्याने ओरडून सांगितलं नाही. सभागृह इतकं रिकामं होतं की ते साध्या आवाजातही मंचापर्यंत पोहोचलं. खटक्याने बीट बंद केली.

चौकशी मंचावरून उतरली आणि त्याच्या पुढच्या रांगेत खुर्चीवर उलटी बसली. दादा तिच्याकडे न बघता, समोर बघत बोलायला लागला. तो चौदा वर्षांचा होता. बाबांबरोबर मीटर वाचायला गेला होता, उन्हात. एका ओळखीच्या माणसाने गाडी थांबवली, बसा म्हणाला. पोरगं सोबत होतं म्हणून बाबा बसले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला बाबांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. अंगावर वीज कंपनीचा गणवेश, आणि हात असे थरथरतायत की टोपी धरता येईना. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत कसलातरी अपघात झाला होता. कसला ते त्यांनी सांगितलं नाही. बसने नाही, गाडीने नाही, जन्मभर पायी.

"मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस," दादा म्हणाला. "आईला माहीत होतं. तिच्याशिवाय कुणाला नाही."

"मग 'रस्ता माझ्या बापाचा'..." ती बोलायला लागली आणि थांबली.

"ज्या रस्त्याला ते घाबरायचे, तो त्यांच्या नावावर करून टाकला मी," तो म्हणाला. "दुसरं काय देणार होतो?"

चौकशीने मान खाली घातली. त्या ओळीची तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"मग आज का सांगितलंस?"

"गेल्या महिन्यात तुझ्या कार्यक्रमाला आलो होतो. मागे उभा होतो. तू ती ओळ म्हटलीस आणि कुणीतरी ओरडलं, 'दारू प्यायचा!' सगळे हसले. तूही हसलीस."

ती हसली होती. तिला आठवत होतं. झाडूवाली बाई त्यांच्या रांगेपर्यंत आली, दोघांकडे बघितलं आणि ती रांग सोडून पुढे गेली.

"काढून टाकते ती ओळ," चौकशी म्हणाली. "आत्ता. आजपासून."

"काढू नकोस. चांगली आहे. फक्त तिथे थांबू नकोस, पुढे जा. लोकांना मध्ये बोलायला जागा ठेवू नकोस."

तिने मान हलवली. डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मला सांगायला हवं होतं रे त्यांनी. थोडी वर्षं थांबले असते तर मी शिकवलं असतं त्यांना. माझ्या हाताखाली किती घाबरट लोक शिकलेत."

"तुला तर मुळीच सांगू नकोस म्हणाले होते," दादा म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला. "म्हणाले, ती पोरगी आधी शंभर प्रश्न विचारेल, आणि मग मला गाडीत बसवल्याशिवाय सोडणार नाही."